दोन टींचा अर्ज

मनोज घारेने आयुष्यात एकच बंड केलं आणि त्यात एक टी जास्त होता.

सुरुवात गुरुवारी संध्याकाळी झाली. दहिवलीच्या इंग्रजी शाळेत पाचवीला असलेली त्याची मुलगी आरोही वही पुढ्यात घेऊन बसली होती. दहा क्रियापदं दिली होती आणि प्रत्येकाला आयएनजी लावायचं होतं. मनोजने चहाचा कप बाजूला ठेवला. इंग्रजी हा त्याचा बारावीतला सर्वांत भरवशाचा विषय. त्यात त्याला अठ्ठावन्न गुण मिळाले होते. बाकीच्या विषयांचा उल्लेख घरात होत नसे.

“सिटला किती टी?” त्याने विचारलं.

“एक.”

“आणि सिटिंगला?”

“दोन. पण का, बाबा?”

का, हे मनोजलाही माहीत नव्हतं. पण तो बाप होता. “तशी पद्धत आहे,” तो म्हणाला. “कटिंगला दोन, गेटिंगला दोन, पुटिंगला दोन. आयएनजी आलं की टी एकटा राहत नाही. लिही.”

त्याच धडाक्यात ‘राइट’ आला. राइट म्हणजे लिहिणे. त्याच्या शेवटी एक ई असतो. तो कुठे गेला याची कुणी चौकशी केली नाही, आणि ‘रायटिंग’ला दोन टी बसले.

शुक्रवारी वही परत आली. नऊ शब्दांपुढे बरोबरची खूण होती. दहाव्याभोवती लाल गोल होता आणि खाली टीचरने इंग्रजीत एक ओळ लिहिली होती. आरोहीने ती वाचली आणि मराठीत सांगितली: “घरी ज्यांनी मदत केली, त्यांनाही सांग.” मग वही मिटत म्हणाली, “सांगितलं.”

माणसाला चुकीचं वाईट वाटत नाही. चूक आपल्याच पोरीच्या हातून आपल्याला पोचती झाली, याचं वाटतं.

“मोबाईलमध्ये बघा ना एकदा,” समीक्षा ओट्यापाशी भाकरी थापता थापता म्हणाली.

मनोजने बघितलं. म्हणजे त्याने मोबाईलवर दोन टींचा रायटिंग टाइप केला. मोबाईलने खाली लाल रेघ मारली. मनोजने शब्दावर बोट दाबून धरलं आणि तो मोबाईलला शिकवून टाकला. रेघ गेली. टीचरचं मात्र असं करता येणार नव्हतं. टीचर नवी होती, वनिता आगिवले. पळसदरीच्या वरच्या अंगाला डोंगरात जी ठाकरवाडी आहे, तिथली. वाडीतून शिकून शिक्षिका झालेली ती पहिलीच मुलगी, असं शाळेने तिच्या स्वागताच्या फलकावर लिहिलं होतं. तो फलक मनोजने कौतुकाने वाचला होता. आता त्याच फलकावरची मुलगी आपल्याला इंग्रजी शिकवते, हे त्याला पचेना, आणि ते आपल्याला का पचत नाही, या प्रश्नाच्या वाटेला तो गेला नाही.

शेजारी सदूकाका राहत. एसटीत वाहतूक नियंत्रक म्हणून छत्तीस वर्षं काढून ते निवृत्त झाले होते. आता नियंत्रणाला गाड्या नव्हत्या, म्हणून ते शेजाऱ्यांवर भागवत.

“तोंडी बोलून काय व्हनार नाय रं मनोज,” ते म्हणाले. “लेखी दे. आन् एकट्याची सही नको. एकट्याची सही म्हंजे कुरबूर. तीस जणांची सही म्हंजे जनता.”

“काका, एवढ्याशा गोष्टीला?”

“एवढीशी हाय म्हनूनच लेखी द्यायची. मोटी असती तर आपोआप समजली असती.”

हे मनोजला पटलं. माणूस दुखावलेला असला की त्याला बरंच काही पटतं. शनिवारी शाळा सुटताना तो फाटकाशी उभा राहिला आणि एकतीस पालकांच्या सह्या घेतल्या. अर्ज इंग्रजीत होता. इंग्रजी शाळेविरुद्ध मराठीत तक्रार करणं त्याला कमीपणाचं वाटलं. त्यामुळे अर्ज फारसा कुणी वाचला नाही. काहींना तो स्कूलव्हॅनबद्दल वाटला, काहींना पाण्याच्या टाकीबद्दल. मनोजनेही कुणाचा गैरसमज दूर करण्याची घाई केली नाही. अर्जाचा मथितार्थ असा, की सदर शिक्षिकेला साधं स्पेलिंग येत नसून ती बरोबर लिहिणाऱ्या पालकांचा अपमान करते, तरी तिच्या नेमणुकीचा फेरविचार व्हावा. सुरुवात होती, ‘आय अॅम रायटिंग’. पुढे आणखी दोन ठिकाणी रायटिंग होता. एकूण सहा टी.

सोमवारी रजा टाकून तो खालापूरला गेला. शाळा चालवणाऱ्या उल्हास-पाताळगंगा शिक्षण मंडळाचं कार्यालय तिथे दुसऱ्या मजल्यावर होतं. जितेश नावाच्या लिपिकाने अर्जावर शिक्का मारला, आवक क्रमांक टाकला आणि पोच दिली. मनोज जिना उतरला तो दोन पायऱ्या एकदम, आणि घरी येताना आरोहीसाठी कलिंगड घेऊन आला.

मंगळवारी सकाळी पावणेदहापर्यंत हा आनंद टिकला.

मनोज खोपोलीजवळच्या एका कागद कारखान्यात डिस्पॅचला होता. मालाची गाडी भरताना गठ्ठे मोजायचे आणि चलनावर सही करायची, हे काम तो एकोणीस वर्षं करत होता. त्या दिवशी त्याने गठ्ठ्यावर चलन लावलेली पाटी टेकवली, पेन काढलं, आणि पाटीच्या वर, बोटभर उंचीच्या निळ्या अक्षरांत त्याला दिसलं: रायटिंग अँड प्रिंटिंग पेपर. रायटिंगला एक टी.

त्याने शेजारचा गठ्ठा बघितला. एक टी. मागची थप्पी बघितली. एक. मग तो गोदामात शिरला आणि बॅटरी घेऊन शेवटच्या रांगेपर्यंत गेला. हमाल पोशा त्याच्यामागून चालत होता.

“भिजलाय का काय माल, घारेसाहेब?”

“नाही रे.”

“मग काय शोदताव?”

“टी,” मनोज म्हणाला.

पोशाने गोदामाच्या दाराकडे बघितलं. चहावाला अजून आला नव्हता. साहेबांची तब्येत बरी नाही, हे त्याने मनात धरलं आणि स्टूल आणून दिलं. मनोज बसला. एकोणीस वर्षं, दिवसाला चारशे गठ्ठे. इतक्या वेळा हा शब्द त्याच्या हाताखालून गेला होता आणि त्याने फक्त मोजला होता.

त्याने लगेच जितेशला फोन लावला. “कालचा अर्ज मला परत पाहिजे. थोडी दुरुस्ती आहे.”

“आवक झालेला कागद परत देता येत नाही.”

“पण अर्ज माझाच आहे ना?”

“शिक्का मारेपर्यंत तुमचा होता,” जितेश शांतपणे म्हणाला. “आता मंडळाचा आहे. माघार घ्यायची तर एकतीसच्या एकतीस जणांच्या सह्या आणा. नाहीतर शुक्रवारी अकराला कार्यकारिणीची बैठक आहे, तिथे समक्ष हजर राहून लेखी द्या. त्याच बैठकीत आगिवले टीचरना कायम करायचा विषय आहे. तुमचा अर्ज मी फायलीत सगळ्यात वर लावलाय.” जरा थांबून तो पुढे म्हणाला, “अवघड आहे बिचारीचं. अध्यक्षांना तुमचा अर्ज फार आवडला.”

मनोजने फोन खिशात टाकला. आपण एका लाल गोलाचा सूड घ्यायला निघालो होतो. एखाद्या मुलीची नोकरी घालवायला नाही. पण अर्जात तर तसंच लिहिलं होतं, आणि लिहिताना वाक्य वजनदार झालं म्हणून तो खूशही झाला होता.

बुधवारी आणि गुरुवारी तो कामावरून सुटला की थेट पालकांच्या दारोदार फिरला. सुंदरावहिनींचं स्टेशनजवळ वडापावचं दुकान होतं. त्यांनी झारा कढईत ठेवूनच ऐकून घेतलं.

“परवा सही द्या म्हनालाव. आज सही परत द्या म्हनताव. भावजी, सही म्हंजे काय उसनं भांडं हाय?”

“वहिनी, चूक माझी होती. टीचर बरोबर आहे.”

“कसली टीचर? व्हॅनवाला पोरांना कोंबतो, त्यावर सही दिली मी.” मग त्यांना काहीतरी उमजलं आणि त्यांनी गॅस बारीक केला. “तुमी आमाला काय लिवून नेलाव?”

मनोज वडापाव न घेता निघाला. जी गत इथे, तीच पुढे. कुणी व्हॅनचा विषय मागे घ्यायला तयार नव्हतं, कुणी टाकीचा. दोघे जण म्हणाले, माघार कशाला, रायटिंगला दोनच टी असतात, आम्हीपण तेच लिहितो. गुरुवारी रात्रीच्या जेवणापर्यंत त्याच्याकडे चार सह्या होत्या, आणि त्यातली एक समीक्षाची.

“टीचरला फोन करा आणि सांगून टाका,” समीक्षा म्हणाली.

“काय सांगू?”

“चुकलं म्हणून. एकच शब्द आहे, त्याला आयएनजीही लावायचं नाही.”

फोन त्याने केला नाही. नंबर काढला, ठेवला, परत काढला. शेवटी आरोहीचं व्याकरणाचं पुस्तक घेतलं. चुकलं कुठे, हे तरी कळायला हवं होतं. रात्री उशिरापर्यंत तो जुन्या चलनांच्या पाठीवर क्रियापदं गिरवत बसला. कमचा ई जातो, कमिंग. रनला दोन एन. सीला दोन्ही ई ठेवून सरळ आयएनजी. ‘लाय’, म्हणजे खोटं बोलणे, याच्यातला आय-ई जातो आणि वाय येतो. खोटं बोलता बोलता स्पेलिंगही बदलतं, हे मनोजच्या जिव्हारी लागलं. आणि ‘लिहिलेलं’ या अर्थाचा जो ‘रिटन’, त्याला खरोखरच दोन टी होते. सगळा घोळ या रिटनने केला होता. त्याच्या जिवावर मनोज निर्धास्त राहिला होता.

शुक्रवारी तो साडेनवालाच स्कूटरवर निघाला. शिळफाट्याला एक कंटेनर रस्त्यात आडवा झाला होता. पुढे जाता येईना, मागे वळता येईना. दहा वाजले, सव्वादहा वाजले. लोक गाड्या बंद करून चणे खायला लागले. मनोजने स्कूटर एका रसवंतीच्या कडेला लावली, कंटेनरच्या खालून वाकून पलीकडे गेला, शर्टाच्या पाठीवर काळ्या ग्रीसचा पट्टा घेतला आणि खालापूरच्या सहा आसनी रिक्षात सातवा म्हणून बसला. मंडळाच्या जिन्याशी पोचला तेव्हा अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती.

वर बाकावर वनिता आगिवले बसली होती. मांडीवर फाईल. शेजारी नऊवारी गुडघ्यापर्यंत घट्ट नेसलेली, हडकुळी, ताठ बसलेली बाई, तिची आई मंगळी. मनोजला बघून वनिता उठून उभी राहिली. पालक आले की उठायची तिला सवय असावी.

“तुम्ही आलात,” ती म्हणाली. “मला वाटलं होतं, अर्जच येतो फक्त. माणूस येत नाही.”

“टीचर, मी ते...”

“मला फक्त एक सांगा. ‘मदत केली त्यांनाही सांग’ असं मी प्रत्येक वहीत लिहिते. आमच्याकडे घरी मदत करायला कुणी नव्हतं. ज्यांच्याकडे आहे त्यांनाही यावं, एवढंच होतं. त्यात अपमान कुठे झाला?”

मनोजने खिशातला चार सह्यांचा कागद काढला. तेवढ्यात जितेशने दार उघडून दोघांनाही आत बोलावलं.

आत लांब टेबल होतं. मधोमध अध्यक्ष आप्पासाहेब, एका बाजूला सचिव, दुसऱ्या बाजूला शाळेच्या मुख्याध्यापिका. आप्पासाहेबांच्या तीन वीटभट्ट्या होत्या आणि तालुक्यातली अर्धी घरं आपल्या विटांवर उभी आहेत, असं ते सांगत. त्यांनी चष्मा वर करून मनोजकडे बघितलं.

“या घारे. धाडस केलंत. पालकाने असंच जागं पायजे.”

“साहेब, मी अर्ज मागे घ्यायला आलोय,” मनोज म्हणाला. “रायटिंगला एकच टी असतो. टीचरचं बरोबर आहे.”

 आप्पासाहेबांचा चेहरा हळूहळू पडला.

“कोणी दबाव आणला का तुमच्यावर?”

“नाही साहेब.”

“घाबरू नका. मी मॅट्रिकला होतो तेव्हापासून रायटिंगला दोन टी हायेत. मी स्वतः लिहीत आलोय. एकतीस पालक म्हणतात, मी म्हणतो. एवढी माणसं चुकतील?”

सचिवांनी हळूच मोबाईल पुढे केला. “साहेब, इथं एक दाखवतंय.”

“मोबाईलवर काय पन दाखवतात,” आप्पासाहेब म्हणाले. “परवा त्याने मला खोपोलीला जायचं तर नदीत घातलं होतं.”

मनोजने मुख्याध्यापिकांकडे आशेने बघितलं. त्या पंख्याकडे बघत होत्या. त्यांना उत्तर माहीत होतं हे त्यांच्या मानेवरून कळत होतं. पण निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती आणि अध्यक्ष कोपिष्ट होते. वनिता काही बोलायला पुढे झाली तसा आप्पासाहेबांनी हात वर केला. “तुमचा विषय नंतर. आधी तक्रारदार.”

मनोजच्या पाठीवरून घामाचा ओघळ ग्रीसपर्यंत गेला. आपण आणलेलं गाढव आता आपल्यालाच दावणीवरून सोडवता येत नव्हतं. आपण चुकलो हे आता त्यालाच सिद्ध करायचं होतं, आणि ते साधलं नसतं तर शेजारी उभी असलेली मुलगी फाईल घेऊन जिना उतरणार होती. नियम त्याला पाठ होता. ऱ्हस्व स्वर, दीर्घ स्वर, अंत्य व्यंजन. पण हे शब्द आप्पासाहेबांपुढे टाकून उपयोग नव्हता. त्याची नजर टेबलावरच्या नमुन्याच्या विटेवर गेली. कागद उडू नयेत म्हणून ती तिथे ठेवली होती.

“साहेब, भिंत किती इंची असते?”

“कसली भिंत?”

“घरातली.”

“आतली चार इंची, बाहेरची नऊ इंची. एकेरी वीट आणि दुहेरी वीट. याचा काय संबंध?”

मनोजने भिंतीवरच्या फळ्याजवळ जाऊन खडू घेतला. त्याने शब्द लिहिला. “हा सिट. यातला आय बारका आहे, नुसता ‘इ’ म्हणतो. पलीकडच्या खोलीत आयएनजी राहायला आलं. त्याच्या तोंडाशीच दुसरा आय आहे. मधे एकच टी ठेवला, म्हणजे चार इंची भिंत, तर पलीकडचा आवाज ऐकू येतो आणि आपला बारका आय चेकाळून आपलं पूर्ण नाव सांगतो, ‘आय’. सिटिंगचं सायटिंग होतं. म्हणून तिथे नऊ इंची बांधायची. दोन टी.”

आप्पासाहेबांनी चष्मा डोळ्यांवर घेतला.

“आता राइट. यातला आय मुळातच मोठ्याने ‘आय’ म्हणतो. ते त्याला शेवटच्या मुक्या ई-ने शिकवलेलं आहे. पाहुणा आला की ई उठून जागा देतो. आता या आयचा आवाज अडवायचा नाही, म्हणून चार इंची पुरते. एक टी. तिथे दोन लावले तर आवाज कोंडतो आणि रायटिंगचं रिटिंग होतं.”

“आणि रिटन?” आप्पासाहेबांनी विचारलं. ते खुर्चीत पुढे सरकले होते. “त्याला तर दोन हायेत.”

“रिटन म्हणताना आय बारका लागतो, साहेब.”

“म्हणजे नऊ इंची.”

“नऊ इंची.”

आप्पासाहेब फळ्याकडे बघत होते. ओठ हलत होते. सिटिंग, रायटिंग, रिटन. मग ते खुर्चीला टेकले आणि म्हणाले, “साठ वर्षं मी जादा वीट घालतोय.”

सुटलो, असं मनोजला वाटलं. पण आप्पासाहेबांनी कोरा कागद पुढे सरकवला. “लेखी द्या. अर्ज इंग्रजीत होता, माघारही इंग्रजीतच पायजे. काय चुकलं ते कबूल करा. आणि या एकतीस सह्यांचं काय?”

“सह्या मी घेतल्या, साहेब. लोकांना वाटलं व्हॅनसाठी आहेत. मी बोललो नाही.”

हे मराठीत बोलायलाही त्याला तीन वेळा श्वास घ्यावा लागला. सचिव खाली बघायला लागले.

“तेही लिहा,” आप्पासाहेब कोरडेपणाने म्हणाले.

मनोजने लिहायला घेतलं. मी मागे घेत आहे, हे सोपं होतं, त्यात काही गाळायचं नव्हतं आणि वाढवायचं नव्हतं. मग आलं, मी कबूल करत आहे. अॅडमिट. त्याला आयएनजी. पेन थांबलं.

एक की दोन? याच टेबलापाशी त्याने आताच एका टीची बाजू लढवली होती. आता परत दोन घातले आणि ते चुकले, तर सगळी भिंत अंगावर. चौघं जण त्याच्या हाताकडे बघत होते. वनिताने फाईल छातीशी धरली होती. ती सांगू शकत नव्हती. सांगितलं असतं तर ते शिकवलेलं ठरलं असतं. मनोज ओठांतल्या ओठांत शब्द म्हणू लागला. अॅड. मिट. जोर मिटवर. मिटमधला आय बारका. शेवटी मुका ई नाही. त्याने टी लिहिला. मग दुसरा टी लिहिला. मग डोळे मिटून आयएनजी.

आप्पासाहेबांनी कागद उलटा फिरवून घेतला. “इथं परत दोन?”

“हो साहेब.”

“मघाशी तर...”

“बरोबर आहे ते,” मुख्याध्यापिका म्हणाल्या. त्यांनी पंख्यावरून नजर खाली आणली होती आणि आवाज थोडा चिरका लागला होता. “आणि आगिवले टीचरचंही बरोबर होतं, साहेब. मी आधीच सांगायला हवं होतं.”

आप्पासाहेबांनी तिघांकडे आळीपाळीने बघितलं. मग फाईल ओढली, मनोजचा अर्ज वरून काढून बाजूला ठेवला आणि खालच्या कागदावर सही केली. वनिता आगिवले कायम झाली. ती सही मराठीत होती.

“घारे,” ते म्हणाले, “एकतीस घरी जायचं. कशावर सही घेतली होती ते प्रत्येकाला सांगायचं, आणि सांगितल्याची सही आणायची. महिनाभरात.”

परतीच्या रिक्षात जागा कमी होती. मनोज एका कडेला, समोर वनिता आणि मंगळी, मधे कुणाच्या तरी भाजीच्या पाट्या. मंगळीने लेकीला त्यांच्या बोलीत काहीतरी विचारलं. वनिताने सांगितलं, बोटांनी हवेत वीट दाखवली, मग दोन विटा. मंगळीने मनोजला नीट न्याहाळलं.

“शर्ट खराब झाला तुमचा,” ती म्हणाली. “राख लावून धुवा. निघल.”

“लावतो,” मनोज म्हणाला. मग बरंच अंतर गेल्यावर, रस्त्याकडे बघत, “टीचर, माझं चुकलं.”

“हो,” वनिता म्हणाली.

रिक्षा खड्ड्यातून गेली आणि सगळे एकदम उजवीकडे कलले. सावरल्यावर तिने विचारलं, “ते भिंतीचं तुम्ही कुठे वाचलंत?”

“कुठे नाही. तिथेच सुचलं.”

“मी वर्षभर मुलांना हे शिकवायला धडपडतेय. पाठ करतात, पण कळत नाही.” ती जराशी संकोचली. “सोमवारी मी वर्गात असं सांगितलं तर चालेल तुम्हाला?”

मनोजने नुसती होकारार्थी मान हलवली. बोलायला गेला असता तर डोळ्यांत पाणी आलं असतं, आणि रिक्षात सात माणसं होती.